आज विशेष सूचना नाही

"नमस्कार. माझं नाव मयूर प्रकाश परब. मी..."

मोरीतला नळ पूर्ण सोडलेला होता, बादली भरून वाहत होती आणि मयूर समोरच्या भिंतीला आपली ओळख करून देत होता. भिंत ऐकून घेत होती. पण 'मी'च्या पुढे काही त्याला जाता येईना.

"अरे, रोज 'मी'पाशी येऊन अडतोस कशाला?" भिंतीपलीकडून शांतामावशींचा आवाज आला. "बी.कॉम. झालोय म्हण की पुढे! आणि नळ बंद कर आधी, आमच्याकडे धार बारीक झालीय."

मयूरने नळ बंद केला आणि श्वास रोखून तसाच उभा राहिला. गेले आठ दिवस, पहाटे पाचला पाणी आलं की मोरीत शिरून तो मुलाखतीची तयारी करत होता. नळाच्या आवाजात कुणाला काही ऐकू जात नाही, असा त्याचा समज होता. लालबागच्या चाळीत जन्मून, एकोणतीस वर्षं तिथेच काढूनही माणसाचा असा समज टिकून राहतो, याला काय म्हणावं!

हिरजी बिल्डिंग म्हणजे तीन मजले, साठ खोल्या आणि प्रत्येक मजल्याला एक लांबलचक गॅलरी. कुणाकडे आज बांगडे आणलेत आणि कुणाची सून रुसून माहेरी गेलीय, हे कुणी कुणाला सांगायची गरज नसायची. अशा ठिकाणी माणसांना घाबरणारं पोर जन्माला घालावं, ही देवाची थट्टाच. मयूर माणूसघाणा नव्हता. माणसं त्याला आवडायची, फक्त लांबून. सेक्रेटरी दळवीकाका जिन्यात भेटले की विचारायचे, "काय रे, बरा आहेस?" एवढाच साधा प्रश्न, पण तो मान खाली घालून वर पळायचा आणि मग काय उत्तर द्यायला हवं होतं, याचा दिवसभर विचार करत बसायचा.

बी.कॉम. होऊन आठ वर्षं झाली होती. लोअर परळच्या एका कंपनीत तो गटचर्चेला गेला आणि पाऊण तास गप्प बसून परत आला. दुसऱ्या ठिकाणी वॉचमनने वहीत नाव आणि येण्याचं कारण लिहायला सांगितलं. कारणाच्या रकान्यात काय लिहावं याचा विचार करेपर्यंत मागे पाचसहा माणसं खोळंबली, तेव्हा पेन वहीवर ठेवून त्याने सरळ घर गाठलं. त्यानंतर घरात नोकरीचा विषय निघाला की आईच तो बदलायची.

काम म्हणाल तर तो एकच करायचा. फळा लिहायचा.

तळमजल्यावर जिन्यापाशी चाळीचा फळा होता. पाणी कधी जाणार, कुणाचं लग्न ठरलं, कोण गेलं, कुणाला नोकरी लागली, सगळं त्यावर यायचं. दहा वर्षांपूर्वी दळवीकाकांना मोतीबिंदूने नीट दिसेना, तेव्हा त्यांनी परबांच्या दारावर टकटक केली होती. मयूर आतून दाराला पाठ लावून उभा राहिला, घरात कुणी नसल्यासारखा. काका शहाणे. त्यांनी खिशातून कागद काढला, मजकूर लिहिला, 'फळ्यावर उतरवशील का?' असं खाली विचारलं आणि कागद दाराखालून आत सरकवला. तेव्हापासून रोज संध्याकाळी चिठ्ठी यायची आणि रोज पहाटे साडेपाचला, जिन्यात चिटपाखरू नसताना, मयूर फळा लिहून वर यायचा. अक्षर असं, की थांबून बघावं. खाली सही मात्र 'सेक्रेटरी' एवढीच.

गेल्या काही वर्षांत काकांच्या चिठ्ठ्या जरा विचित्र व्हायला लागल्या होत्या. 'शांताबाईंचे लिंबाचे लोणचे यंदा उत्तम मुरले आहे.' 'दुसऱ्या मजल्यावरील मांजरीस चार पिल्ले झाली. जिना जपून उतरावा.' आणि काहीच नसलं की, 'आज विशेष सूचना नाही. दिवस आनंदात जावो.' मयूरला वाटायचं, काका आता थकले. पण सूचना ती सूचना. तो तितक्याच मन लावून लिहायचा.

तीन आठवड्यांपूर्वी मात्र चिठ्ठी आली ती अशी: 'परळ येथील एका ट्रस्टच्या इस्पितळात रेकॉर्ड विभागासाठी माणूस हवा आहे. पदवीधर असावा. अक्षर चांगले असावे. फार बोलावे लागणार नाही.' खाली अर्ज पाठवायचा पत्ता. मयूरने तो मजकूर फळ्यावर लिहिला आणि दोन दिवस वाट पाहिली. चाळीत आणखी कुणाला गरज असेल तर त्याला आधी मिळावी, अशी त्याची समजूत. तिसऱ्या दिवशी त्याने पत्ता स्वतःसाठी उतरवून घेतला.

कारण आता गत्यंतर नव्हतं. मेअखेर चाळ रिकामी करायची होती. जागी टॉवर उभा राहीपर्यंत सगळ्यांनी बाहेर भाड्याने राहायचं होतं. भाडं बिल्डर देणार होता, पण परब मायलेकांना जागा द्यायला कुणी तयार होईना. "घरात कमावतं कोण?" एजंट विचारायचा, आणि मयूरची आई सुभद्रा चप्पल घालून परत फिरायची. नवरा गेल्यावर मिरची गल्लीत मसाले भाजून तिने घर चालवलं होतं. आता छातीत खोकला भरायचा, म्हणून तेही सुटलं होतं. कुडाळहून तिच्या भावाचे फोन येत होते, गावाला या, घर मोकळंच आहे. ती "बघूया" म्हणायची आणि फोन ठेवून डोळ्यांना पदर लावायची. पस्तीस वर्षं तिने या गॅलरीत काढली होती. लालबाग-परळ सोडून ती जगली नसती असं नाही, पण त्याला जगणं म्हणाली नसती. मयूरला, खरं सांगायचं तर, गावच बरं वाटत होतं. तिथे कुणी मुलाखत घेणार नव्हतं. आणि आपल्याला असं वाटतं, याचीच त्याला फार लाज वाटायची.

अर्ज केल्यावर मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि त्या सकाळी हातावर दही-साखर खाऊन तो निघाला.

इस्पितळात मुलाखत घेणाऱ्या रेगे मॅडमच्या केबिनमध्ये पंखा कुरकुरत होता. "बसा," त्या म्हणाल्या. "तुमच्याबद्दल सांगा."

"नमस्कार. माझं नाव मयूर प्रकाश परब. मी..."

आणि झालं. मोरीत निदान शांतामावशी तरी होत्या. मॅडमनी अर्ज उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"अनुभव?"

"नाही."

"काहीच नाही? मग आठ वर्षं घरी काय करत होतात?"

हा प्रश्न पाठ केलेल्यांत नव्हता. म्हणूनच असेल, उत्तर खरं आलं.

"फळा लिहितो."

"म्हणजे?"

"चाळीचा. पहाटे साडेपाचला."

"रोज? आजारपण, घरात काही झालं, तरी?"

"बाबा गेले तेव्हा पण मीच लिहिलं," मयूर म्हणाला. "किती वाजता निघणार ते लिहावं लागतं. नाहीतर लोकांना कळत नाही."

मॅडमनी अर्ज फाइलमध्ये ठेवला. "इथे पहाटे साडेपाचला हजर राहावं लागेल. ओपीडी सुरू व्हायच्या आत जुने केसपेपर काढून ठेवायचे असतात. आधीची तिन्ही माणसं वेळेवर येत नव्हती. तुम्हाला जमेल?"

"हो!"

"एवढं ओरडू नका," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी या."

चाळीत परतताना त्याच्या लक्षात आलं, साडेपाचला इस्पितळात म्हणजे फळा संपला. त्या दिवशी दहा वर्षांत पहिल्यांदा चिठ्ठी उलटी गेली. काकांच्या दाराखालून त्याने ती आत सरकवली: 'नोकरी लागली. सोमवारपासून फळा जमणार नाही. दुसऱ्या कुणाला सांगावे. खडूचा डबा फळ्याखाली ठेवतो.'

काकांची शेवटची चिठ्ठी शनिवारी आली. 'चि. मयूर प्रकाश परब यांची इस्पितळात नियुक्ती झाल्याबद्दल चाळीतर्फे हार्दिक अभिनंदन.' आता आली का पंचाईत? हे वाक्य त्याने चाळीतल्या कित्येक पोरापोरींसाठी लिहिलं होतं. स्वतःसाठी लिहिताना हात आखडत होता. रविवारी पहाटे त्याने ते लिहिलं, नाव जरा बारीक अक्षरात काढलं, तारीख घातली आणि कुणी बघायच्या आत वर पळाला.

रेकॉर्ड रूम तळघरात होती. छतापर्यंत मांडण्या, आणि दौलतराव नावाचे एक वयस्कर गृहस्थ, ज्यांना ऐकू कमी यायचं. त्यांच्याशी ओरडून बोलण्यापेक्षा मयूर कागदावर लिहून दाखवू लागला. बोलण्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. इंटरकॉम वाजला तेव्हा पहिल्यांदा त्याने पाच वेळा वाजू दिला. उचलला तर पलीकडून नुसता एक नंबर सांगितला गेला. मयूर "हो" म्हणाला आणि केसपेपर शोधून वर पाठवला. त्याच्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. दुपारी डबा त्याने मांडण्यांच्या मधल्या बोळात बसून खाल्ला.

संध्याकाळी आला तर फळ्यावर रविवारचीच तारीख. नवीन माणसाला सवय नसेल, त्याला वाटलं. मंगळवारी काकांच्या दाराला कुलूप दिसलं. सकाळीच त्यांची मुलगी येऊन त्यांना बोरिवलीला घेऊन गेली होती. फळा तसाच. बुधवारी तसाच. येणारे-जाणारे त्याच्यासमोरून जात होते, कुणी मान वळवून बघत नव्हतं, आणि मयूरचं अभिनंदन धूळ खात होतं.

गुरुवारी त्याला राहवलं नाही. "आई, फळा कुणीच लिहीत नाही. काकांनी जाताना कुणाला सांगितलं नाही?"

सुभद्रा तांदूळ निवडत होती. "कोणाक सांगतले? सगळा ग्रुपार येता."

"कधीपासून?"

"लॉकडाउनपासून. पाच वर्सां झाली."

चाळीचा व्हॉट्सअॅप ग्रुप सुरू झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मयूरने सोडला होता. आपण वाचलेलं सगळ्यांना दिसतं, हेच त्याला सहन झालं नव्हतं.

"मग चिठ्ठ्या?"

आईने सूप खाली ठेवलं. "तुज्यासाठी लिवत होते ते. मिटिंगीत कोणतरी म्हणालो, फळो काढून टाकूया, कोण वाचता आता? काका म्हणाले, फळो रवतलो, काढूचो नाय. पोर सकाळचा निदान खाली तरी उतारता."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांका. म्हणान तर साडेपाचाक जिन्यात कोण येय नाय. तुका कळता नये म्हणान बजावल्यानी होता."

"आणि ती इस्पितळाची सूचना?"

"ती ग्रुपार आली नाय," सुभद्रा म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

लोणचं. मांजरीची चार पिल्लं. अधू डोळ्यांचा एक म्हातारा रोज संध्याकाळी कागद घेऊन बसत होता आणि आज या पोराला काय लिहायला द्यावं, याचा विचार करत होता. इतकी वर्षं आपण साठ घरांपासून लपतोय, असं मयूरला वाटत होतं. साठ घरं त्याला लपू देत होती. नोकरी लागली होती, तरी त्याला एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं, कारण ज्यांना सांगायचं ते आता एकेक करून निघून चालले होते, आणि 'बरा आहेस?' या प्रश्नाचं उत्तर त्याने काकांना कधीच दिलं नव्हतं.

"फोन लाव तेंका," आई म्हणाली. मयूरने फोन हातात घेतला, काकांचा नंबर काढला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग फोन ठेवून त्याने मोरीतला फडका ओला करून घेतला.

संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. जिना माणसांनी भरला होता. कुणी भाजीच्या पिशव्या घेऊन चढत होतं, कुणी सामानाचे खोके उतरवत होतं. मयूर कडेकडेने खाली गेला. आपलं अभिनंदन त्याने स्वच्छ पुसून काढलं. फळा वाळेपर्यंत थांबला आणि लिहायला लागला. मागे कुणीतरी थांबलं, मग आणखी कुणीतरी. त्याला ते मानेवर कळत होतं. पण अक्षर बिघडलं नाही.

'श्री. आनंदा दळवी यांस,
सर्व सूचना मिळाल्या. लोणच्याची व मांजरीचीसुद्धा.
मी बरा आहे.
मयूर परब, खोली नंबर ३१'

आणि खाली तारीख, आजची.

"थांब रे," मागून शांतामावशी म्हणाल्या. त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली आणि पर्समधून फोन काढला. "फोटो काढते. ग्रुपवर टाकला की बोरिवलीत लगेच पोचेल. तू बाजूला झालास तरी चालेल, तुला नाही आवडत, ठाऊक आहे मला."

मयूर वळला. समोर सातआठ माणसं उभी होती. खडूने पांढरा झालेला हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना, म्हणून त्याने तो पाठीमागे घेतला. आणि फळ्याच्या कडेला, मान वर करून, तो तसाच उभा राहिला.