एकवीस अंशांची वाट

मित्रांनो, तुमच्या दप्तरातल्या पत्र्याच्या डबीत पेन्सिल धरून बसलेला जो कंपास असतो, तो माझा नातू. मी एक जुना पितळी कंपास आहे. माझ्या एका पायाला पोलादी सुई आहे आणि दुसऱ्या पायाला शाईची चोच. पेन्सिलीचं चुकलं तर खोडता येतं. शाईचं तसं नसतं. म्हणून माझ्या वाट्याला नेहमी शहाण्यासुरत्या माणसांचे हात आले.

मला घडवणारा कारागीर एका डोळ्याने अधू होता. कंपास तयार झाला की तो त्या कंपासाने एक वर्तुळ काढायचा आणि रेघ जिथे स्वतःला येऊन मिळते तिथे अंगठा ठेवून म्हणायचा, "टोकाला टोक मिळालं. सुटलास रे बाबा!" जन्मल्याबरोबर माझ्या कानावर पडलेले हे पहिले शब्द. तेव्हापासून मला वाटू लागलं, की वर्तुळ पुरं करणं हाच आपला धर्म. या समजुतीने पुढे मला काय करायला लावलं, तेच आज सांगायचं आहे.

माझी रवानगी एका संशोधन संस्थेत झाली. तीन मजली इमारत, लांबच लांब व्हरांडा आणि प्रत्येक दारामागे वेगळा विषय. शेजारच्या खोलीत काय शिजतंय याचा कुणाला पत्ता नसे. पण आकृत्या मात्र सगळ्यांच्या एकाच ठिकाणी यायच्या, व्हरांड्याच्या टोकाला, बाईंच्या खोलीत.

बाई म्हणजे संस्थेच्या आरेखक. शास्त्रज्ञ काहीतरी रेघोट्या मारून आणायचे आणि बाई त्यांतून छापण्याजोगी आकृती काढायच्या. काम झालं की माझ्या पितळेवर तोंडाची वाफ सोडून मऊ फडक्याने मला पुसायच्या, चोचीतली शाई कोरून काढायच्या आणि मगच स्वतःचा चहा घ्यायच्या. त्यांनी मला कधी कुणाला उसना दिला नाही. लोक म्हणायचे, "बाईंचा हात लागला की चुकीचंही खरं वाटायला लागतं." बाई हसून सोडून द्यायच्या. माझ्या अंगावर मात्र त्या कौतुकाने मूठभर मांस चढायचं. कंपासाला मांस नसतं, ही गोष्ट वेगळी.

मग ते वर्ष आलं.

पहिल्यांदा आला समुद्राचा अभ्यास करणारा दाढीवाला. त्याने प्रवाळाच्या एका बेटाचा नकाशा आणला. पाण्यात बांगडी टाकावी तसं बेट, पण नैऋत्येला तुटलेलं. "तिथे प्रवाळ धरतच नाही," तो म्हणाला. "वाळूसुद्धा साचत नाही. कोळी लोक होडी आत घालण्याआधी त्या तोंडापाशी जरा थांबतात. का थांबता म्हणून विचारलं तर म्हणाले, थांबायचं असतं."

महिनाभराने उत्खननवाले अप्पा आले. एका टेकडीवर उभ्या दगडांचं कडं सापडलं होतं, तेही नैऋत्येच्या बाजूने उघडं. पडलेला दगड शोधायला अप्पांनी तीन उन्हाळे तिथली माती चाळली होती. "बाई, दगड रोवला असता तर खड्डा सापडला असता," ते म्हणाले. "खड्डाच नाही. म्हणजे तिथे दगड कधी नव्हताच."

तिसऱ्या आल्या डॉक्टरीणबाई. डोळे बांधलेला माणूस सरळ चालायला लागला तरी हळूहळू वळत जातो आणि गोल फिरतो, हे त्या संस्थेच्या मागच्या मैदानात तपासत होत्या. सव्वीस माणसं चालली. सव्वीसही गोल फिरली आणि सुरुवातीच्या खांबाच्या थोडी अलीकडेच थांबली.

"का थांबली?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी वहीतून वाचून दाखवलं. "एकजण म्हणतो, कुणीतरी जात होतं. दुसरी म्हणते, वाट द्यावी लागली. बाकीच्यांना सांगता आलं नाही."

"आणि खांब नैऋत्येलाच का रोवलात?"

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. "काय माहीत! तिथेच बरं वाटलं."

त्या गेल्यावर बाईंनी तिन्ही आकृत्या ट्रेसिंग पेपरवर एकाच मापाने काढल्या आणि खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर एकावर एक ठेवल्या. बेट, दगड आणि माणसांची पावलं. तिन्ही फटी एकमेकींवर अशा बसल्या, की तीन कागदांची एकच फट दिसू लागली. बाईंनी त्या फटीला कोनमापक लावला. एकवीस अंश. पुन्हा लावला. एकवीसच. मग त्यांनी दिवा बंद केला आणि दुपारच्या उजेडातही खुर्ची जरा मागे सरकवून बसल्या.

आता माझं ऐका. त्या आकृत्या काढताना माझी सुई मध्ये रोवलेली होती आणि चोच फटीच्या काठापाशी येऊन थांबत होती. तिथे दर वेळी मला गार लागायचं. दार किलकिलं असलं की पायांना लागतं, तसं. आणि खरं सांगतो, मला त्या फटीचा राग यायचा. एवढीशी जागा. एकदा फिरलो असतो तर सुटलो असतो!

संस्थेचे साहेब वर्षअखेरीचा ग्रंथ छापणार होते. एका सकाळी ते आकृत्या बघायला आले.

"बाई, हे काय अर्धवट?"

"साहेब, आहे तसंच काढलंय."

"अहो, बघणाऱ्याला वाटेल आमची शाई संपली! निसर्गात असतात चुका. आपण नाही का दुरुस्त करायच्या? तिन्ही जोडून टाका. मुखपृष्ठावर वर्तुळ कसं पुरं हवं."

"पण साहेब, तिथे काहीच नाहीये."

"काहीच नाहीये ना? मग भरायला हरकत कुणाची?"

बाईंच्या एकवीस वर्षांच्या नोकरीत... छे, चुकलो. अठ्ठावीस वर्षांच्या. तो आकडा तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलाय. तर अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी नसलेली रेघ कधी काढली नव्हती. त्या बराच वेळ मला नुसत्या हातात धरून बसल्या. मग त्यांनी चोचीत शाई भरली.

मी फिरलो. बेट मिटलं. दगडांचं कडं मिटलं. माणसांची वाट मिटली. टोकाला टोक मिळालं आणि मला असा आनंद झाला म्हणून सांगू! मित्रांनो, त्या आनंदाची मला आजही लाज वाटते. कारण त्याच वेळी खोलीतला गारवा एकदम थांबला. बाहेरून कुणी दाराला हात लावावा आणि दार बंद असल्याचं त्याच्या ध्यानात यावं, तशी ती शांतता होती.

त्या दुपारी मैदानात शेवटचा माणूस चालणार होता. तो होता बाईंचा धाकटा भाऊ. संस्थेची जीप तो चालवायचा, म्हणून सगळे त्याला सारथी म्हणत. मोठा थट्टेखोर माणूस. डोळ्यांवर पट्टी बांधून घेताना म्हणाला, "डॉक्टरीणबाई, आमच्या साहेबांना रोज असंच फिरवतो मी!" बाईंच्या खिडकीतून मैदान दिसायचं. टेबलावरून मलाही दिसत होतं.

सारथी चालला. वळत गेला. खांबापाशी आला आणि थांबला नाही. खांबाला खांदा घासून पुढे गेला आणि दुसरा फेरा सुरू झाला.

"झालं, सारथी! थांबा आता!" डॉक्टरीणबाई हसत ओरडल्या.

तिसऱ्या फेऱ्याला कुणी हसत नव्हतं. कुणीतरी त्याची पट्टी सोडली. डोळे उघडे होते, तरी तो चालतच राहिला. दोघांनी दंड धरले, तर झटापट नाही की शिवी नाही. घाण्याला जुंपल्यासारखा तो त्या दोघांना ओढत फिरत राहिला. बाई धावत खाली गेल्या आणि त्याच्याबरोबर चालू लागल्या.

"अरे, थांब ना! मी आहे, ताई. बघ माझ्याकडे."

तो बघेना. पण बोलला, आणि त्याच्या आवाजात रडू होतं. "ताई, वाटच नाही गं. खोळंबलेत सगळे. कुठून जाऊ देऊ त्यांना?"

बाई जशा धावत गेल्या तशाच धावत वर आल्या. धाप लागलेली, पदर सुटलेला. त्यांनी पातं उचललं आणि कागदावरची शाई खरवडायला घेतली. घाईत त्यांचा कोपर लागून मी फरशीवर पडलो आणि माझी सुई वाकली. त्यांनी वळूनही पाहिलं नाही, आणि तेच बरोबर होतं. पहिला कागद खरवडून झाला. खाली पावलं चालूच होती. दुसरा झाला. चालूच. तिसऱ्या कागदावर बाईंचं बोट कापलं, तरी हात थांबला नाही.

खालून एकदम आवाज यायचे थांबले.

पुढचं मला फरशीवरून दिसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मागाहून बाईंना सांगितलं, ते ऐकलं. सारथी खांबाच्या अलीकडे थांबला. अरुंद जिन्यात समोरून माणसं आली की आपण अंग चोरून उभे राहतो, तसा तो कडेला सरून उभा राहिला. वारा अजिबात नव्हता. तरी त्याच्या आणि खांबाच्या मधल्या फटीतलं गवत एका ओळीत दबत गेलं आणि पुन्हा उभं राहत गेलं. बराच वेळ. सारथी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होता. मग तो मटकन खाली बसला आणि त्याने प्यायला पाणी मागितलं.

साहेब संध्याकाळी बाईंच्या खोलीत आले. खरवडलेले, रक्ताचे ठिपके पडलेले तिन्ही कागद टेबलावर होते. बाई म्हणाल्या, "साहेब, आहे तसं छापा. नाहीतर माझ्याशिवाय छापा."

साहेबही दुपारी आपल्या खिडकीत उभे होते. ग्रंथ उघड्या वर्तुळांसकट निघाला. आकृत्यांच्या खाली साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली एक ओळ होती: 'आकृती अपुरी नाही.'

त्यानंतरची माझी गोष्ट थोडीच आहे. संगणक आले. पडद्यावर बोटाने खूण केली की वर्तुळ आपोआप मिटू लागलं, फट ठेवायची तर मुद्दाम सांगावं लागू लागलं. वाकड्या सुईचा कंपास कोण विचारतो? मी खणात पडून राहिलो. पितळ काळवंडलं. चोचीत जुनी शाई दगडासारखी घट्ट झाली. बाई निवृत्त झाल्या तेव्हा मात्र त्यांनी मला आठवणीने घरी आणलं.

सारथी त्या दुपारबद्दल कुणाशी बोलला नव्हता. परवा तो बहिणीकडे आला होता. त्याचेही केस पांढरे झालेत आता. बाई मटार सोलत होत्या, तेव्हा तो आपणहून म्हणाला, "ताई, त्या दिवशी सगळ्यांत शेवटी एक चिमुरडी होती. बाकीचे नुसते गेले. ती थांबली. म्हणाली, काका, मागून अजून पुष्कळ यायचेत. उघडं ठेवाल ना?"

बाईंचे हात थांबले. "मग? तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? म्हटलं, काळजी नको, माझी ताई आहे तिथे."

बाई पुन्हा मटार सोलू लागल्या. त्यांच्या हातांना आता कंप आहे. तीन बोटांत मला धरता येत नाही त्यांना.

म्हणून मित्रांनो, मी हे तुम्हाला सांगतो आहे. आपली अवजारं पुसून ठेवत जा, जुन्यांना खणात कुजवू नका, हे तर आहेच. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. तुमच्यातलं कुणी उद्या समुद्र मोजेल, कुणी माती चाळेल, कुणी माणसांची पावलं टिपेल. तेव्हा एखादं वर्तुळ तुम्हाला उघडं सापडेल. कुणीतरी शहाणा येऊन सांगेल, जोडून टाका, तिथे काहीच नाही. तुमच्या हातातल्या कंपासालाही फिरायची घाई झालेली असेल. तो माझा नातू आहे, मला ठाऊक आहे.

हात आवरा. जरा बाजूला होऊन उभे राहा. कुणी जात असेल.