तेलुमाराचं पहिलं नको

मागच्या बुधवारी कॉफीच्या मशिनपाशी उभ्या उभ्या व्हाउटरने, म्हणजे चारुताच्या साहेबाने, तिला विचारलं, "तेलुमाराचं काम मिळालं तर ते तू सांभाळशील? मग नोकरीही कायमची करून टाकू."

आता हे ऐकून चारुताला तिथेच फुगडी घालावीशी वाटली, खोटं कशाला सांगा! अर्थशास्त्रात एम.ए. झालेली बाई, सहा वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर हॉलंडमधल्या हूफडॉर्पमध्ये घर सांभाळत बसलेली. आत्ता कुठे किनारे राखण्याचा सल्ला देणाऱ्या या कंपनीत सहा महिन्यांच्या करारावर चिकटली होती. पण चिपळूणच्या घरातली मुलगी ती. पहिल्याच हाकेला उडी मारणं शोभतं का? ती लाजून म्हणाली, "छे छे, मी कुठे! माझ्याहून अनुभवी माणसं आहेत की." आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत मान खाली घालून उभी राहिली.

व्हाउटर "ओके" म्हणाला, कॉफी उचलली आणि निघून गेला.

गेला तो गेलाच की हो! गुरुवारी विचारेल, शुक्रवारी तरी विचारेल, म्हणून ती त्याच्या टेबलाजवळून उगीचच चकरा मारत राहिली. त्याने दर वेळी हसून गुड मॉर्निंग केलं. सोमवारी बातमी कानावर आली की काम मिळालंच तर ते रॉटरडॅमच्या ऑफिसातल्या कुणाला तरी देणार, आणि बुधवारी तेलुमाराच्या मंत्र्यांबरोबरची बैठक संपली की तसं जाहीर करणार.

"बघ कसा आहे! परत विचारायला जीभ झडली असती का त्याची?" ती देवदत्तवर, म्हणजे नवऱ्यावर, घसरली.

तो डिशवॉशरमध्ये ताटं लावत होता. "पण तूच नाही म्हणालीस ना?"

"नाही कुठे म्हटलं? छे छे म्हटलं!"

देवदत्तने शहाण्या नवऱ्यासारखं पुढचं ताट उचललं.

तर असा तो बुधवार उजाडला आणि तेलुमाराच्या मंत्रीबाई आल्या. तेलुमारा म्हणजे पॅसिफिक महासागरातला मूठभर बेटांचा देश. अर्थ आणि पर्यावरण ही दोन्ही खाती एकाच बाईकडे, कारण मंत्रीच मुळात चार. आतेलिनाबाई साठीच्या, ठसठशीत, केसात कापडी फूल, आणि अंगावर कुणाचा तरी उसना घेतलेला, गुडघ्याखाली येणारा कोट. आल्या आल्या खिडकीतून खाली बघत त्यांनी विचारलं, "समुद्र कुठाय?"

"आपल्या वर," व्हाउटर शांतपणे म्हणाला. "आपण त्याच्यापेक्षा चार मीटर खाली बसलोय."

बाई इतक्या हसल्या की फूल सुटलं. चारुताला त्या तिथेच आवडल्या.

पण बैठक सुरू झाली आणि हसू मावळलं. तेलुमाराचं दुखणं सोपं नव्हतं. समुद्र किनारा खात होता, विहिरी खारट होत होत्या. तिजोरी भरायची परदेशी बोटींना ट्यूना धरायचे परवाने विकून, पण पाणी तापलं तसा ट्यूनाही दुसऱ्या देशांच्या हद्दीत पळायला लागला होता. म्हणजे खर्च वाढता आणि मिळकत पोहत पोहत शेजाऱ्याकडे! व्हाउटरने पडद्यावर काँक्रीटची भिंत दाखवली. भिंत उभी राहिली असती, पण भरावाची वाळू बेटांच्याच उथळ पाण्यातून उपसावी लागणार होती. तो गाळ प्रवाळावर बसला की प्रवाळ मेलं, प्रवाळ मेलं की रोजच्या जेवणातली मासळी गेली. घर राखायला चुलीतच माती घालण्याचा प्रकार.

"दुसरी योजना होती ना?" चारुताने हळूच विचारलं. "प्रवाळ राखायचं, तिवरं लावायची, घरं थोडी थोडी उंचावर घ्यायची. आपली माणसं दोन वर्षं तिथे राहणार होती, आणि तो खर्च इथल्या सरकारचा निधी देणार होता."

"ती त्यांनी जूनमध्येच नाकारली," व्हाउटर म्हणाला. "मी स्पष्ट विचारलं होतं."

आतेलिनाबाई टेबलाकडे बघत राहिल्या. "मी म्हटलं, एवढा त्रास तुम्ही कशाला घेता," त्या पुटपुटल्या.

"तेच ते, म्हणजे नाहीच," व्हाउटर म्हणाला, आणि सगळे कॉफीला उठले.

कॉफीबरोबर बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला. व्हाउटरने झाकण काढून बाईंपुढे धरला. बाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "नको नको, राहू दे." व्हाउटरने मान डोलावली, स्वतः एक बिस्कीट घेतलं आणि टप्पकन झाकण लावलं.

बाईंची नजर त्या झाकणावरच राहिली. पाहुण्यांची ती नजर चारुताने चिपळूणला शंभर वेळा बघितली होती. अगं बाई! तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यांच्याकडेही आपल्यासारखंच! पहिलं नको हे काही उत्तरच नव्हे, ते नुसतं दार वाजवणं!

तिने जाऊन डबा उचलला आणि झाकण काढलं. "घ्या ना."

"नको गं, खरंच."

"असं कसं? एवढ्या लांबून आलात. एक तरी."

"अगं, पोट भरलंय."

"माझ्यासाठी. नाहीतर मला वाईट वाटेल हं!"

बाईंनी एक निःश्वास सोडला आणि चांगली तीन बिस्किटं उचलली. व्हाउटरची कॉफी कपातच राहिली.

चारुताला आता चेव चढला होता. "आतेलिनाबाई, आमची माणसं तुमच्याकडे येऊन राहू देत?"

"छे, तुम्हाला त्रास."

"त्रास कसला? समुद्र अडवण्यावाचून आम्हाला दुसरं येतंय काय?"

"पण दोन वर्षं…"

"येऊ द्याच. आता नाही म्हणायचं नाही."

"आता एवढं म्हणतेसच तर," बाई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "या बाई, या! प्रवाळ वाचलं तर आम्ही वाचू. जूनपासून वाट बघतेय मी, परत कुणी विचारतच नाही!"

व्हाउटर मटकन खुर्चीत बसला. "पण मी तर विचारलं होतं."

"एकदा!" दोघी बायका एका सुरात म्हणाल्या, आणि मग अशा हसत सुटल्या की शेजारच्या खोलीतली माणसं डोकावून गेली.

डोळे पुसत बाईंनी चारुताचा हात धरला. "काम तूच बघणार ना?"

"छे छे, मी कु…" चारुताची जीभ सवयीने निघालीच होती. तेवढ्यात हातातल्या झाकणाकडे तिचं लक्ष गेलं. आठवडाभर ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याने डबा पुढे केला होता, तिने नको म्हटलं होतं.

ती गर्रकन वळली. "व्हाउटर, मागच्या बुधवारचं माझं नको खरं नव्हतं."

"मग का म्हणालीस?"

"तू परत विचारावंस म्हणून."

तो सावध झाला. डच माणूस, नियम कळला की पाळणार. "किती वेळा विचारायचं असतं?"

"तीनदा."

"बरं. तेलुमाराचं काम तू घेशील?"

"हो!" वाक्य संपायच्या आत ती ओरडली.

"थांब, अजून दोनदा राहिलंय," व्हाउटर गंभीरपणे म्हणाला. "चारुता, तेलुमाराचं काम तू घेशील?"

"हो रे बाबा, हो!"

त्याने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेव्हा आतेलिनाबाईंनी त्यात बिस्कीट कोंबलं.