सपक म्हणणारी जीभ

आप्पांनी करिष्माला बोलावून काम सांगितलं. बीडच्या एका छोट्या दैनिकाचे हे संपादक, ती तिथली बातमीदार. म्हणाले, उत्तरेश्वरांच्या खाण्याच्या सदराबद्दल लई कुरबुरी येताहेत. जिथं पाहुणचार झोडतात त्याचं कौतुक, बाकीच्यांची धुलाई. कपिलधार फाट्यावरच्या चंद्रभागाबाईंच्या खानावळीवर जे लिहिलं ते खरं का खोटं, जाऊन बघ. खोटं निघालं तर सदर बंद. आता आली का पंचाईत! उत्तरेश्वरांनीच तर शब्द टाकून तिला या नोकरीला लावलं होतं.

पण खरी गोम वेगळीच होती, आणि ती आप्पांना ठाऊक नव्हती. उत्तरेश्वर त्या खानावळीत गेले त्या दिवशी त्यांच्या मोटारसायकलवर मागं करिष्माच बसली होती. आधी दोघं गेले विजयसिंहांच्या नव्या हॉटेलच्या उद्घाटनाला. फेटा काय, शाल काय, तर्रीदार मटण काय! तिथून ढेकर देत खानावळीत. उत्तरेश्वरांनी ताटाला बोट लावलं नाही, करिष्मालाच विचारलं, कसं लागतंय गं? तिच्या जिभेवर अजून मटणाचा जाळ. आमटीचा घोट घेऊन ती फटकन म्हणाली, सपक. रविवारी छापून आलं की, चंद्रभागाबाईंच्या हाताची चव गेली.

अरे, कपिलधारच्या यात्रेचे दिवस होते ते! त्या दिवसांत ही बाई यात्रेकरूंसाठी कांदा-लसूण चुलीजवळ फिरकू देत नाही, हे फाट्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. या दोन शहाण्यांनी विचारलं का? नाव नको. पुढं आठवडाभरानं हे करिष्माच्या कानावर आलं, आणि तेव्हाही ती गप्पच बसली.

ती खानावळीत पोचली तेव्हा भर जेवणाच्या वेळी बाकडी रिकामी होती. चंद्रभागाबाईंनी तिला लगेच ओळखलं, पाणी दिलं, जवळ बसवलं. एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर इथंच जेवायचे, ते पेपर वाचून पुढच्या धाब्यावर जाऊ लागले. आता चूल बंद करून लेकीकडं धारूरला जायचं बाईंनी ठरवलं होतं.

"बरं झालं तूच आलीस," बाई म्हणाल्या. "त्या सायबानं तर घास घेतला न्हाई. तू जेवलीस. तूच सांग तुझ्या मालकाला, कसं लागलं ते. माझा तुझ्यावर भरवसा हाय."

करिष्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं उत्तरेश्वरांच्या माथी मारणं किती सोपं होतं! त्यांनी चाखलंच नव्हतं, हे खरंच होतं. बाईंची खानावळ वाचली असती आणि हिच्या अंगाला डागही लागला नसता. हात फोनकडं गेला खरा, पण बाईंच्या तोंडाकडं बघून अर्धंच सांगायला जीभ रेटेना. शेवटी बाईंच्या समोरच तिनं आप्पांना फोन लावला.

"आप्पा, लिहिलं ते खोटं आहे. उत्तरेश्वरांनी खाल्लंच नव्हतं. पण सपक म्हणणारी मीच. माझं नाव घालून छापा."

उद्या उत्तरेश्वर आणि तू, दोघंही भेटा, म्हणत आप्पांनी फोन ठेवला.

करिष्माला वाटलं, आता बाईंच्या शिव्या येतील, आणि याव्यात असंच तिला वाटत होतं.

"मग तवाच मला का न्हाई सांगितलंस गं?" बाई हळूच म्हणाल्या. "तव्यावर दोन मिरच्या भाजून दिल्या असत्या की."