कुंकवाखालचे चार आकडे

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. पण मला बघून कोणी जुना म्हणणार नाही. अंगावरची नक्षी अजून खोल आहे, नवीनसारखी. तिथंच तर सगळे फसले.

कारखान्यात माझ्या कडेवर चार आकडे उठवले होते, २२१७. म्हणजे दोन हजार सतरा सालचा बाविसावा आठवडा. माझी जन्मतारीखच ती. नामाशेठने मला घेतलं आणि ट्रेलरच्या पाठीला स्टेपनी म्हणून टांगलं. नामाशेठ आधी मिठागरात होता, मग ट्रकवर. आता जीपच्या मागे ट्रेलर ओढून पर्यटकांना हरिहरेश्वरला नेतो. आत दोन खाटा, शेगडी, खिडकीला पडदे. लोक फोटो काढायचे, त्यात मीपण यायचो. काम मात्र काहीच नाही. आठ वर्षं चौलच्या वाडीत नुसतं ऊन आणि खारा वारा खाल्ला. कड वाळली, केसाएवढ्या चिरा पडल्या.

खंडेनवमीला नामाशेठची बायको, सत्यवतीवहिनी, चाकं पुजायची. मी तिच्या हाताच्या उंचीला, म्हणून पहिलं कुंकू मला. तेलात कालवलेलं, नेमकं त्या आकड्यांवर. पूजेचं कुंकू कोण पुसतो? दरवर्षी नवा थर.

यंदा ट्रेलरचा डावा टायर गेला. पंक्चरवाला दिपेश रेवदंड्याहून आला. म्हणाला, नवा घ्या, आणि ट्रेलरचं वजन पेलणारा बघून घ्या. नामाशेठने माझ्यावर थाप मारली.

"ह्यो बघ. कोरा हाय. एक किलोमीटर चाललेला न्हाय."

"किती सालचा?"

"साल काय बघतंस, नक्षी बघ."

दिपेशने फडका ओला केला आणि कुंकवावर टेकवला. तेवढ्यात वहिनी आली.

"दिपेशभाऊ, पूजेचं हाय ते. नको पुसू."

त्याने हात मागे घेतला. एकदा पुसलं असतं तरी पुरे होतं. मी ओरडलो असतो, पण टायरला तोंड नसतं. हवा असते, तीपण दुसऱ्याने भरलेली.

मला डाव्या चाकाला चढवलं. पर्यटक घेऊन निघालो, दुपारी मुरुडच्या अलीकडे उतार लागला. डांबर तापलेलं. आत भांडी आपटतात म्हणून ती धरायला वहिनी ट्रेलरमध्येच बसलेली. माझी एक चीर उघडली, मग दुसरी. लई धरून ठेवलं स्वतःला. नाही जमलं. मी फुटलो आणि ट्रेलर गटारात कलंडला. जीपमधले पर्यटक वाचले. वहिनीचा उजवा हात खाटेखाली चेंगरला.

नामाशेठने मला फेकून दिलं. एका कोळ्याने उचललं आणि होडी धक्क्यावर आपटू नये म्हणून बाजूला बांधलं. लाटांनी कुंकू धुतलं.

परवा वहिनी मासळी घ्यायला धक्क्यावर आली. हात अजून सरळ होत नाही. फाटलेल्या कडेवरून तिने मला ओळखलं. आकडे कसे वाचायचे ते दिपेशने तिला नंतर सांगितलं असावं. वाकून डाव्या हाताचं बोट तिने आकड्यांवरून फिरवलं.

"आठ वर्षांचा व्हता," ती म्हणाली. "आन् मीच झाकलं."

तुझी चूक नाही गं, मला सांगायचं होतं. मी होडीला घासत राहिलो.

मित्रांनो, चाकं जरूर पुजा. कुंकू बाजूला लोखंडावर लावा, आकडे उघडे ठेवा. टायर घेताना नक्षीवर भुलू नका, साल वाचा, वजन विचारा. देव म्हातारे होत नाहीत. टायर होतात.