अठरा मुलं, त्रेचाळीस पिशव्या

निरीक्षक आले त्या दुपारी पाळणाघरात अठरा मुलं होती, मावशी आणि त्यांची मदतनीस अशा दोन बायका होत्या, कपाटावर झोपलेलं एक मांजर होतं आणि पिशव्या त्रेचाळीस होत्या. बेचाळीस खुंट्यांना टांगलेल्या आणि बंद तुटलेली एक खिडकीत. मी दोनदा मोजल्या, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही.

प्रत्येक मुलाची एकच पिशवी. कपड्यांचा एक जोड, टॉवेल, पाण्याची बाटली. सोमवारी यायची, शुक्रवारी धुवायला घरी जायची. त्या दिवशी बुधवार होता. म्हणजे पंचवीस मुलं पिशव्या ठेवून कुठेतरी गेली होती.

मी माझ्या भाचीला न्यायला आले होते. तिला घरात सगळे फिरकी म्हणतात, कारण ती जेवतानासुद्धा एका जागी बसत नाही. सकाळी ताईने मला फोन करून सांगितलं होतं, "आज तिला तीनच्या आत उचल. का ते विचारू नकोस." मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. एक नमुना अर्धवट सोडता आला नाही आणि मी चारला पोचले. निरीक्षकांनी बोट नाचवत मुलं मोजली, कागदावर आकडा टाकला, काही तक्रार आहे का विचारलं आणि ते गेले. त्यांची स्कूटर कोपऱ्यावरून वळली तशी मावशींनी दार लावलं.

"तुझ्या प्रयोगशाळेत घड्याळ नाही का गं?" त्या मला म्हणाल्या. "अजून तीन जणी तुझ्यासारख्या विसरल्या असत्या तर वीसच्या वर गेलो असतो."

"वीसच्या वर गेलं तर काय होतं?"

"कुलूप लागतं."

खोलीच्या मापाप्रमाणे परवाना वीस मुलांचा होता. समोर रुग्णालयाची मोठी धुलाई, तिथे काम करणाऱ्या बायका पन्नासच्या वर, आणि अनुदानावर चालणारं पाळणाघर हे एवढंच. मावशींना कुणाला नाही म्हणणं जमलं नव्हतं. निरीक्षक नियमाप्रमाणे आदल्या दिवशी कळवून येत. मग आया जेवणाच्या सुट्टीत मुलं उचलून न्यायच्या. काही मुलं धुलाईतल्या चादरींच्या कोठारात बसायची, काही शेजारणीकडे. सहा-सात जणांना भोंगा बागेत न्यायची. भोंगा म्हणजे धुलाईत ताईच्या शेजारच्या यंत्रावर काम करणारी बाई. तिचा आवाज धुलाईच्या सगळ्या यंत्रांच्या वर ऐकू येतो म्हणून हे नाव, आणि ती स्वतःच ते कौतुकाने सांगते. गेली कित्येक वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं आणि सगळ्यांना त्याचा अभिमान होता.

"कमी मोजलं तर काही होत नाही?" मी विचारलं.

"कमीला काय होतंय?" मावशी म्हणाल्या. "गरीब दिसलेलं बरं असतं."

काय होतं ते दोन आठवड्यांनी कळलं. राज्याच्या बालसंगोपन खात्याने नव्या धोरणाचा मसुदा काढला. त्यात लिहिलं होतं की पाळणाघरांची मागणी घटली आहे. सबब ज्यांची सरासरी हजेरी वीसच्या खाली आहे ती शेजारच्या केंद्रात विलीन करावीत, आणि सहानंतरच्या वेळेसाठी अनुदान देण्याचा जुना प्रस्ताव रद्द समजावा. आमचं शेजारचं केंद्र दोन बस बदलून, शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं.

त्याच आठवड्यात ताईला संध्याकाळच्या पाळीची मुकादम होण्याबद्दल विचारलं गेलं होतं. नऊ वर्षं चादरींना इस्त्री केल्यावर पहिल्यांदा तिला कुणी काही विचारत होतं. पाळी साडेआठला सुटते, पाळणाघर सहाला. भावजी लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात, घरी असले तर नशीब. ताईने धुलाईच्या व्यवस्थापकाकडे महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली होती.

"विलीन झालं तर मुकादमकी सोड, आहे ती इस्त्रीसुद्धा जाईल," ती म्हणाली. तिने हे भाजी चिरता चिरता सांगितलं आणि चिरत राहिली.

मसुद्याच्या शेवटी राज्यातल्या एकशे बारा पाळणाघरांच्या हजेरीचा तक्ता होता. मी तो आलेखावर मांडला. बहुतेक ठिकाणी सोळा, सतरा, अठरा, एकोणीस. वीसच्या पुढे एकही नाही. डोंगर चढत जावा आणि माथ्यावर कुणीतरी तो सुरीने उभा कापावा, तसा तो आलेख दिसत होता. मोजलेल्या गोष्टी अशा वागत नाहीत. माणसांची उंची मोजा, पावसाचे थेंब मोजा, दोन्ही बाजूंना थोडंफार शेपूट राहतंच. इथलं शेपूट कुणीतरी उचलून बागेत नेलं होतं. आणि तेही एकशे बारा ठिकाणी, एकमेकांना न विचारता.

शनिवारी पाळणाघरात बैठक भरली. आया मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसल्या होत्या, गुडघे हनुवटीला लागलेले. मी आलेख भिंतीवर लावला आणि काय झालंय ते सांगितलं. आपण मुलं लपवली, म्हणून सरकारला वाटतं की मुलंच नाहीत.

"म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा मारला म्हण की," भोंगा म्हणाली.

"सगळ्या राज्याने मारला," मी म्हटलं. "पुढच्या मंगळवारी विधिमंडळाच्या समितीपुढे जनसुनावणी आहे. कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं. तिथे खरा आकडा सांगायचा."

मग मावशी म्हणाल्या, "सांगायला तोंड माझं लागणार. परवाना माझ्या नावावर आहे. खरं सांगितलं तर बुधवारी कुलूप, नाही सांगितलं तर तीन महिन्यांनी. तीन महिने तरी मिळतील."

"तीन महिन्यांत मुलं मोठी होणार आहेत का, मावशी?" ताई म्हणाली.

"तुला मुकादम व्हायचंय म्हणून बोलतेस," मागून कुणीतरी म्हणालं.

"व्हायचंच आहे," ताई म्हणाली. "त्यात लाजण्यासारखं काय? मी मुकादम झाले तर तुझी रजा मी मंजूर करणार, हे लक्षात ठेवून बोल."

हशा पिकला, पण मावशी हसल्या नाहीत. मी त्यांच्यावर दबाव आणला नाही, कारण धोका खरा होता आणि तो माझा नव्हता. सोमवारी दुपारी त्यांनी मला प्रयोगशाळेत फोन केला आणि एवढंच विचारलं, "तिथे जाताना ओळखपत्र लागतं का?"

सुनावणीची खोली उंच छताची होती. अर्धगोल टेबलामागे समितीचे पंधरा सदस्य, मधोमध अध्यक्षबाई, समोर बोलणाऱ्यांसाठी ध्वनिक्षेपक. भिंतीकडेच्या बाकावर खात्याचे अधिकारी बसले होते आणि त्यांच्या शेवटी आमचे निरीक्षक. मावशींनी त्यांना पाहिलं आणि माझं मनगट घट्ट धरलं.

आधी मी बोलले. आलेख दाखवला, माथ्यावरचा तो कापलेला कडा दाखवला. "वीस हा परवान्याचा आकडा आहे," मी म्हटलं. "हजेरी नेमकी त्याच्या अलीकडे थांबते. मागणी खरंच घटत असती तर ती कुठेही थांबली असती. माझ्या मते हा तक्ता मुलांची संख्या सांगत नाही, भीती किती आहे ते सांगतो."

"मत झालं," टोकाला बसलेले चष्मेवाले सदस्य म्हणाले. खर्चकपातीचा मसुदा त्यांच्याच आग्रहाने आला होता. "पुरावा?"

मावशी उठल्या. ध्वनिक्षेपक त्यांच्या उंचीला फार वर होता. त्यांनी तो खाली ओढला तेव्हा तो किंचाळला.

"माझ्याकडे त्रेचाळीस मुलं येतात," त्या म्हणाल्या. "साहेब आले की मी अठरा ठेवते. बाकीची लपवते."

"तुम्ही नियम मोडता, असं तुम्ही स्वतःच सांगताय?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"हो. वीस मुलांना आत घ्यायचं आणि तेवीस मुलांना कुलूप लावून घरी ठेवायचं, हा नियम मला पाळता आला नाही. तुम्हाला पाळता येत असेल तर सोमवारी सकाळी दारात उभे राहा. कुठली तेवीस परत पाठवायची ते तुम्ही निवडा. मी मध्ये बोलणार नाही."

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "निरीक्षक आलेत ना?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला हे माहीत होतं?"

निरीक्षक उभे राहिले. उंच, बारीक माणूस. टोपी दोन्ही हातांत फिरवत होते. मावशींकडे न बघता ते म्हणाले, "खोलीत अठरा मुलं असायची, बाई, आणि खुंट्यांवर चाळीसच्या वर पिशव्या. मला मुलं मोजायला सांगितलं होतं. पिशव्या मोजायला कुणी सांगितलं नव्हतं."

"मग तुम्ही वर कळवलं का नाहीत?"

"कळवलं असतं तर कुलूप मलाच लावावं लागलं असतं. माझ्या हद्दीत नऊ पाळणाघरं आहेत. नऊही ठिकाणी पिशव्या जास्तच असतात."

खात्याच्या अधिकाऱ्यांच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. चष्मेवाले सदस्य काहीतरी बोलणार होते, पण अध्यक्षबाईंनी त्यांच्याकडे हात केला आणि मावशींना विचारलं, "आम्ही लेखी हमी दिली की फेरमोजणीवरून कुठलंही पाळणाघर बंद होणार नाही, तर एकही मूल न लपवता मोजू द्याल?"

"द्याल काय," मावशी म्हणाल्या, "मी हजेरीसुद्धा घेईन."

हमीचं पत्र तिसऱ्या दिवशी एकशे बारा ठिकाणी गेलं. फेरमोजणी पुढच्या गुरुवारी, सगळीकडे एकाच वेळी. मी रजा काढून सकाळपासून पाळणाघरात बसले होते. भोंगा दोन नवी मुलं घेऊन आली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"माझ्या बहिणीची. पाहुणी आलीत. आकडा भरघोस दिसू दे की."

"पाहुणी मोजायची नाहीत."

"अगं, इतकी वर्षं कमी दाखवली, एक दिवस जास्त दाखवली तर हिशोब फिटेल."

"भोंगा," मावशी म्हणाल्या, "ती मुलं घेऊन बागेत जा."

भोंगा सवयीप्रमाणे निघालीसुद्धा. दारात तिलाच हसू आलं.

निरीक्षक या वेळी मुलांमध्ये जमिनीवर बसून मोजत होते. फिरकी एका जागी थांबेना, म्हणून तिला त्यांनी तीनदा मोजलं आणि तीनदा खोडलं. शेवटी ताई समोरून जेवणाच्या सुट्टीत आली, तिने फिरकीला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "घ्या साहेब, धरून ठेवलीय." त्यांनी आकडा लिहिला आणि कागद मावशींना सही करायला दिला. मावशींनी चष्मा पुसला, आकडा वाचला, परत वाचला आणि सही केली. त्या कागदावर खरा आकडा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

तक्त्यात राज्यभराची हजेरी दोन हजारांच्या आसपास होती. फेरमोजणीत ती चार हजार एकशे सहा निघाली. मी नवा आलेख काढला. त्याला शेपूट होतं, लांबलचक, पार सत्तरपर्यंत.

समितीचं मतदान महिनाअखेरीच्या चार दिवस आधी होतं. मसुदा आता वेगळा झाला होता: विलीनीकरण रद्द, अनुदान प्रत्यक्ष हजेरीवर, जागा कमी पडली तर कुलूप न लावता वाढीव खोलीचं भाडं आणि एक जास्तीची मदतनीस, आणि जिथे आईबापांच्या पाळ्या उशिरा सुटतात तिथे नऊपर्यंतचा खर्च. आम्ही प्रेक्षकांच्या सज्जात होतो. धुलाईतल्या अकरा जणी सकाळची पाळी बदलून आल्या होत्या. भोंग्याला आम्ही ताईच्या आणि माझ्या मधे बसवलं होतं आणि तिने तोंडावर रुमाल धरला होता.

चष्मेवाल्यांनी बोलायला वेळ मागितला. "आकडे चुकीचे असतील तर कपातही चुकीची ठरते," ते म्हणाले. "उशिराच्या वेळेबद्दल माझी शंका कायम आहे. तरी मी विरोध करणार नाही." मग हात वर झाले. बाजूने बारा, विरोधात दोन, तटस्थ एक.

ताईने आधी मावशींचा हात दाबला, मग माझा, आणि मग भोंग्याच्या तोंडावरचा रुमाल काढून घेतला. भोंगा जे ओरडली ते ऐकून खालच्या पंधराही सदस्यांनी वर पाहिलं. पहारेकरी धावत आला. अध्यक्षबाईंनी त्याला हातानेच थांबवलं.

शेजारचं बंद पडलेलं शिवणकामाचं दुकान पाळणाघराला जोडून घेतलं गेलं. मधली भिंत पाडली तेव्हा मांजर दोन दिवस गायब होतं. नव्या मदतनीस म्हणून मावशींनी धुलाईतून निवृत्त झालेल्या एका बाईंना घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या टॉवेलांच्या घड्या इतक्या कडक घातल्या की मुलांना उलगडता येईनात.

ताईने व्यवस्थापकाला होकार मुदतीच्या आतच कळवला होता. दरवाजावर नऊपर्यंतची वेळ लागली त्याच सोमवारी ती संध्याकाळच्या पाळीची मुकादम म्हणून रुजू झाली. प्रयोगशाळा सुटल्यावर मी धुलाईच्या दारातून डोकावले. ती गळ्यात शिट्टी अडकवून यंत्रांच्या रांगेमधून चालत होती आणि प्रत्येकीपाशी थांबून काहीतरी विचारत होती. भोंगा तिच्याच पाळीत होती.

"मुकादमबाई," भोंगा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी रजा?"

"अर्ज कर," ताई म्हणाली.

त्या पाळीत नऊशे चौदा चादरी निघाल्या. पुन्हा धुवायला गेल्या त्या तीन.