वरची पुसट ओळ

मित्रांनो, माझ्या तोंडाकडे बघून हसू नका. मी एक जुनी झेरॉक्स मशीन आहे. बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, विठामावशीच्या दुकानात असते. कागद खाते, कागद ओकते. शाळेचं तोंड बघितलं नाही, पण मार्कशीटं एवढी बघितलीत की मास्तरांनीसुद्धा बघितली नसतील.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. पहिली नोकरी उल्हासनगरला, एका सिंधी शेठच्या जीन्सच्या गोडाउनात. शेठ माझ्या पाठीवर थाप मारून सगळ्यांना सांगायचे, "ये मशीन नहीं, घोडी है घोडी!" मग त्यांनी नवी घोडी आणली आणि माझी रवानगी झाली टेम्पोतून बदलापूरला. इथे एकदा उल्हास नदी थेट दुकानात शिरली. मी गुडघाभर पाण्यात उभी. विठामावशीने मला पुसलं, सुकवलं, जिवंत केलं. पण तेव्हापासून एक खोड राहिली ती राहिलीच. कागदावरची वरची एक ओळ पुसट येते.

आता खरी गोष्ट ऐका.

जवळच्या खरवईची शलाका बारावीपासून माझ्याकडे नोट्स काढायला यायची. तिचे वडील महिपती, अंबरनाथच्या एका रंगाच्या कंपनीत कामाला. त्यांची बोटं कायम पिवळी. शलाका मावशीला सांगायची, "मावशी, पप्पा दगडाने घासतात तरी तो रंग जात नाही. विचारलं तर म्हणतात, 'का नाय जात ते मोठ्या सायबाला ठाव.' मला ते ठाऊक करून घ्यायचंय." म्हणून तिला इंजिनिअरिंगला केमिकलच पाहिजे होतं. मार्क मात्र काठावरचे. मुंबईच्या सरकारी कॉलेजात केमिकल लागेल की नाही, देवाला ठाऊक. तसं कोकणातल्या एका कॉलेजातही होतं, पण तिथे होस्टेलवर राहायचं. आणि घराजवळच्या कॉलेजात मेकॅनिकल मिळणार, हे नक्की.

फॉर्मवर पसंतीच्या कॉलेजांचे नंबर भरायचे त्या दिवशी बापलेक दोघं आली. महिपतीदादा उभ्या उभ्याच बोलले, "मावशी, घराजवळचं पयलं टाका. आमच्याकडं पानी धरतं ते भाताचं खाचर पयलं लावतात. वरकस, माळाची जमीन मागून. खात्रीचं पयलं!"

शलाका खाली मान घालून चप्पल घासत राहिली.

मी जागच्या जागी खडखडले, मित्रांनो. कारण दोन वर्षांपूर्वी सुयोग नावाच्या पोराने हेच केलं होतं. खात्रीचं कॉलेज पहिलं टाकलं, ते लागलं, आणि पहिल्या नंबरचं लागलं म्हणून सीट लॉक! पुढच्या फेरीत जायला बंदी. त्याला हवी ती ब्रँच त्याच्याहून कमी मार्कांवर दुसऱ्याला गेली. त्याच्या तक्रारअर्जाच्या सात-सात कॉप्या मीच काढल्या. काही उपयोग झाला नाही. तेव्हापासून मावशीने एक रिवाज पाडला. बापाशी आधी वाद घालायचा नाही, कच्ची यादी छापून हातात द्यायची, मग बोलायचं.

मावशीने दादांनी सांगितली तशी यादी कॉम्प्युटरवरून छापायला सोडली. मी खोकत खोकत कागद बाहेर टाकला. दुसरा नंबर ठळक, तिसरा ठळक, आणि पहिली ओळ, घराजवळच्या मेकॅनिकलची, गायब.

"अरे, वरचं कुठं गेलं?" महिपतीदादा कागद उजेडात धरून बोलले.

"म्हातारी झाली ना आमची मशीन," मावशी म्हणाली. "शलाके, घे पेन. पहिल्या ओळीत तूच लिही."

पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. मग पोरीने लिहिलं: केमिकल, मुंबई. खाली दुसऱ्या नंबरवर छापलेलं 'केमिकल, मुंबई' खोडलं. त्याच्याखाली कोकणातलं केमिकल होतं ते ठेवलं. घराजवळचं मेकॅनिकल तळाला नेलं.

"काय गं हे? मी काय सांगितलं?"

"पप्पा, मला तेच पाहिजे."

"आनि नाय लागलं तर? घरी बसनार?"

मावशीने सुयोगची गोष्ट सांगितली. मग म्हणाली, "दादा, हे खाचर नाही. इथे वरचं नाही लागलं तरी खालचं कुठे पळून जात नाही. खात्रीचं वर टाकलं तर मात्र हवं ते गेलं की गेलं."

महिपतीदादांनी आपल्या पिवळ्या बोटांकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "भरा. पोर लिवते तसंच भरा."

मुंबईचं लागलं नाही, मित्रांनो. खोटं कशाला सांगू? लागलं ते कोकणातलं, केमिकलच. शलाका बॅग भरून गेली. आता नोट्स काढायला ती येत नाही. काउंटरवर हात आपटून "मावशी, माझं आधी" असं कोणी ओरडत नाही. माझीही जागा हलली. टेबलावर नवी मशीन बसली आणि मी कोपऱ्यात, अंगावर पुठ्ठ्यांचा ढीग.

परवा महिपतीदादा आले. हातात शलाकाच्या ॲडमिशनचा कागद, घडी घालून घालून फाटायला आलेला. "घरात भिंतीला लावायचाय," म्हणाले. मावशी नव्या मशीनकडे वळली तर म्हणतात, "तिच्यावर नको. जुनीवर काढा."

मावशीने ढीग काढला, काच पुसली. मी जीव एकवटून कॉपी काढली. पण खोड ती खोड. वरची ओळ, जिथे ब्रँच होती, पुसट.

महिपतीदादांनी मावशीकडून पेन मागून घेतलं. सहीपलीकडे ज्या हाताने कधी लिहिलं नाही, त्या हाताने एकेक अक्षर मूळ कागदावर बघून काढलं. के. मि. क. ल. शेवटचा ल थोडा वाकडा आला.

"पोरगी दिवाळीला येईल," ते म्हणाले. "बघेल."

म्हणून सांगते, मित्रांनो, घरातल्या जुन्या मशीनची काच अधूनमधून पुसत जा. आणि कुठलाही फॉर्म भरताना वरची ओळ आपल्या हाताने लिहा. मीही वाट बघतेय. दिवाळीला कितीसे दिवस राहिलेत?