पायथ्याच्या खांबावरचं तेल

आंब्याच्या फळीला सागवानी रंग मारून ती गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारे या शहरात ढिगाने आहेत, आणि त्यांचा माल मी रस्त्याच्या पलीकडून ओळखतो. ही बढाई नाही. तीस वर्षं सिकंदराबादला रेल्वेच्या डब्यांचं सुतारकाम केलं. निवृत्त झाल्यावर हैदराबादेत, नल्लकुंट्यात घरामागे पत्र्याची शेड टाकली आणि आता लोकांच्या जुन्या सामानाला पॉलिश करून देतो. लाकडाच्या बाबतीत मला, या देवरावाला, कुणी अक्कल शिकवू नये. माणसांच्या बाबतीत मात्र मी ठार आंधळा निघालो, आणि ते मला एका पलंगाने दाखवून दिलं.

पलंग घेऊन आल्या भाग्यलक्ष्मी गारू. आमच्याच गल्लीतल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या तेलुगू बाई, म्हणून नावापुढे मानाचं 'गारू'. ट्रॉलीवाला सुटे केलेले भाग शेडमध्ये उतरवत होता तेव्हा मी चहा पीत होतो. माझं तिकडे लक्षही नव्हतं.

"मिस्त्री, भतीजी की शादी है," त्या म्हणाल्या. "सेकंडहँड लिया मैं. असली सागवान है बोलके दिया दुकानवाला. तुम जरा देखो ना."

"देखता अम्मा," म्हणत मी उठलो आणि डोक्याकडच्या फळीवर हात ठेवला.

फिकट सागवानात काळ्याभोर शिसवीच्या आठ खुंट्या. मी पलंगाला लोखंडी स्क्रू कधीच लावत नाही. लोखंडाला दमट हवा लागली की सागवानात त्याच्याभोवती काळा डाग पसरतो. शिसव टणक, करवतीचे दात बोथट करते, जीव काढते, पण एकदा ठोकली की जन्मभर हलत नाही. अशा खुंट्या ठोकणारा हैदराबादेत दुसरा कुणी असेलही. पण यातली चौथी खुंटी जराशी तिरकी होती, आणि ती तिरकी का हे मला ठाऊक होतं. ती ठोकत असताना शिवानी दारात येऊन ओरडली होती, "बाबा, लग्नाचा हॉल मिळाला!" आणि माझा घाव चुकला होता.

हा माझ्या मुलीचा पलंग होता.

"असली है ना?" भाग्यलक्ष्मी गारूंनी विचारलं.

"हौ अम्मा. एकदम असली."

"सिकंदराबाद में किसीका घर खाली हुआ बोलके बोला वो," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

शिवानी सातवीत होती तेव्हा एका जुन्या डब्याची मोडतोड झाली आणि त्याच्या सागवानी फळ्या लिलावात निघाल्या. पन्नास-साठ वर्षं ऊन, पाऊस, धूर खाऊन मुरलेलं लाकूड. असं लाकूड आता वाकत नाही, फाटत नाही. अंगचं तेल एवढं की वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. मी त्या फळ्या घरात आणून ठेवल्या, आणि मालन, माझी बायको, दहा वर्षं त्यांना ठेचकाळत मला शिव्या घालत राहिली. शिवानीचं ठरलं तेव्हा त्यांचा पलंग केला. लाखेचं पॉलिश, तेही हाताने. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापडात गुंडाळलेला कापूस, आणि हातावर हात बारा वेळा. यंत्राने फवारलेली ती काचेसारखी चमक मला आवडत नाही, तिच्याखाली लाकूड गुदमरतं असं वाटतं.

जावई निखिल. कचेरीत नोकरी, बोलणं मऊ, वाकून जयभीम घालणारा. त्याला एकदा बघून मी मालनला म्हणालो होतो, "पोरगा अस्सल सागवान आहे." रस्त्याच्या पलीकडून आंबा ओळखणारा मी! माझ्या समोर बसून तो पोहे खात होता आणि मला रंग ओळखता आला नाही.

लग्नाला तीन महिने झाले असतील. एका रविवारी शिवानी एकटीच आली. मी एका खुर्चीला पॉलिशपेपर घासत होतो. ती शेडच्या उंबऱ्यावर बसली, बराच वेळ भुसा बोटाने उकरत राहिली, आणि मग म्हणाली, "बाबा, मला तिथं झोप लागत नाही."

मी विचारलं, "करकरतो का?"

"काय?"

"पलंग. एखादा पाय अधांतरी असेल. घरभर फरशी सारखी नसते. नाहीतर गादी बदला, कापसाची घ्या."

बोटाचा भुसा झटकत ती म्हणाली, "नाही बाबा. तसं काही नाही." चहा पिऊन ती गेली.

मला मात्र चैन पडेना. माझ्या पलंगावर माझ्या मुलीला झोप लागत नाही, ही बोच मला रात्रभर लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाकडी हातोडा, पातळी बघायची नळी, पाचरी, सगळं पिशवीत भरून मी सिकंदराबादला तिच्या घरी धडकलो. गादी काढायला लावली. एकेक सांधा ठोकून बघितला. स्वतः आडवा होऊन दोन्ही कुशींवर वळलो. दोन तास. हूं की चूं नाही.

"जावईबापू," मी अभिमानाने म्हणालो, "पलंगात काही दोष नाही."

निखिल हसला. "मी तेच तिला सांगतो बाबा. दोष पलंगात नाही."

मीही हसलो. हो, हसलो. शिवानी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. निघताना मी तिच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, "नवं सामान आहे. अंगवळणी पडायला वेळ लागतो." त्यानंतर ती पुन्हा कधी तसं बोलली नाही. दर रविवारी फोनवर मी विचारायचो, "झोप लागते ना आता?" आणि ती म्हणायची, "हो बाबा."

आता तोच पलंग माझ्या शेडमध्ये पडला होता. मी तिला फोन लावला.

"काय बाबा, आज मधेच?"

"सहज. पलंग कसा आहे तुझा?"

नेहमीचा आवाज. "छान आहे की."

पलंगाच्या फळीवर हात ठेवून मी ते ऐकलं. फोन ठेवला. पुढे काय विचारायचं ते मला कळेना, म्हणून जे कळतं ते करायला घेतलं. सुटे भाग जोडून पलंग उभा केला आणि स्पिरिटचा बोळा घेऊन जुनं पॉलिश काढायला लागलो.

पलंगाचं पॉलिश काढलं की खाली माणसं दिसायला लागतात, हे कुणाही जुन्या पॉलिशवाल्याला विचारा. डोकं टेकतं तिथे केसांचं तेल लाकडात मुरतं. वर्षा-दीड वर्षात तळव्याएवढा काळसर डाग पडतो आणि त्या जागी लाख धरत नाही, सोलवटून येते. नवरा-बायकोच्या पलंगाला डोक्याकडे असे दोन डाग असतात. मी शेकडो पलंग बघितलेत.

याला एकच होता. उजवीकडे. डावीकडची फळी मी लावली तशीच, जवळजवळ कोरी.

दुसरा डाग मला पायथ्याशी सापडला. पायथ्याच्या डाव्या खांबाला, बाहेरच्या अंगाला, जमिनीपासून अडीच वीत वर. तिथे कुणाचं डोकं येईल? मला आधी वाटलं, कुणीतरी तेलाचा हात पुसला असेल. पण पुसलेला डाग वरवर असतो. हा खोल होता, चांगला मुरलेला. कितीतरी रात्रींचा.

मी जमिनीवर बसलो. पाय पोटाशी घेतले, खांद्यात मान घातली आणि डोकं बाजूला टेकवलं. कानशील बरोबर त्या डागावर आलं.

तसाच बसून राहिलो. नाक लाकडाला लागलं होतं. स्पिरिट उडून गेलं आणि खालून वास वर आला. खोबरेल, माका, मेथीदाणे. हे तेल दुकानात मिळत नाही. ते माझ्या स्वयंपाकघरात उकळतं आणि दर महिन्याला त्याची एक बाटली माझ्या मुलीकडे जाते.

"काय बघायलाव खाली बसून? जेवण निवालं," म्हणत मालन आली. पलंग बघितला आणि जागच्या जागी थबकली. कुणाचा, कुठून आला, तिने काही विचारलं नाही. तिने विचारलं नाही यावरूनच मला समजलं.

"तुला माहीत होतं."

ती माझ्याशेजारी भुशात बसली. "चार महिने झाले. तिनं घर सोडलंय. दिलसुखनगरला बायकांच्या हॉस्टेलात राहते. नोकरी चालू आहे."

म्हणजे दर गुरुवारी ही बाजाराला म्हणून दिलसुखनगरला जायची ती तिकडे. मला राग आला, आणि राग आला की मी ओरडतो. "मग मला का नाही सांगितलं? मी बाप नाही तिचा?"

मालन ओरडली नाही. पदराने नाक पुसत म्हणाली, "सांगून काय केलं असतं तुम्ही? परत पलंग बघायला गेला असता."

या बाईने माझ्याबरोबर पस्तीस वर्षं काढली. एवढं लागेल असं ती आजवर बोलली नव्हती, आणि त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. मी रडलो. भुशाने माखलेल्या हातांनी तोंड झाकून, लहान पोरासारखा हमसाहमशी रडलो.

मग पलंग पोत्यांनी झाकला आणि भाग्यलक्ष्मी गारूंना फोन केला. "अम्मा, ये पलंग शादी में नक्को देव. मैं नया बना के देता."

"क्यूं? सागवान नै क्या वो?"

"सागवानच है अम्मा. फिर भी नक्को."

संध्याकाळी मालनने दिलेला पत्ता घेऊन दिलसुखनगरला गेलो. पिशवी नाही, हातोडा नाही, रिकाम्या हातांनी. कोचिंग क्लास सुटले होते, पोरापोरींनी रस्ता भरला होता. हॉस्टेलात पुरुषांना आत सोडत नाहीत. गेटजवळच्या खोलीत प्लास्टिकच्या चार खुर्च्या होत्या, तिथे मला बसवलं. शिवानी जिना उतरून आली. वाळली होती. केसांची घट्ट वेणी, आणि तोच वास.

"आईनं सांगितलं?"

"तुझा पलंग माझ्याकडे पॉलिशला आला," मी म्हणालो. "पायथ्याच्या खांबाला तेल मुरलंय."

ती समोरच्या खुर्चीत बसली.

"वर झोपायचं की खाली, ते रोज तो ठरवायचा," ती म्हणाली. "कशावरून ठरवायचा, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. खाली असले की त्या खांबाला टेकून बसायचे. तुम्ही केलेला होता ना, म्हणून."

मला तोंड वर करवेना. "बाळा, तू सांगायला आली होतीस. मी गाढव."

"ते जाऊ द्या."

"नाही, बोल. काय म्हणायचं ते बोल मला."

मग ती बोलली. आवाज चढवला नाही, त्यामुळे मला जास्त लागलं. "दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात ना, मला वाटलं न्यायला आलात. खिडकीतून तुम्हाला बघितलं आणि मी दोन ड्रेस, सर्टिफिकिटं पिशवीत भरली. पिशवी दाराआड ठेवली. तुम्ही दोन तास सांधे ठोकत होता, आणि मी दर थोड्या वेळानं बघत होते, आता उठतील, आता म्हणतील चल. मग तुम्ही म्हणालात, पलंगात काही दोष नाही."

बाहेर कुणीतरी स्कूटरचा हॉर्न दाबत होतं. ती उठली, मला पाण्याची बाटली आणून दिली आणि परत समोर बसली. बाटली मी खाली ठेवली.

"आता चल," मी म्हणालो. "आता आलोय न्यायला."

"आज नको बाबा."

"मग कधी?"

"माहीत नाही. येईन. पण मला आधी माझं माझं राहू द्या थोडं. तुम्हाला बघितलं की अजून ती पिशवी आठवते."

मी मान हलवली. ती मला गेटपर्यंत सोडायला आली. निघताना माझ्या तोंडून ते गेलंच, जन्माची खोड. "इथं झोपायला काय आहे?"

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता चिडेल. पण ती कशीनुशी हसली. "लोखंडी खाट आहे. गंजलेली. कूस बदलली की इतकी करकरते, शेजारची शिव्या घालते."

मी येऊन बघतो, असं म्हणणार होतो. शब्द ओठांवर आले होते, ते गिळले.

"झोप लागते का?" मी विचारलं.

"हो बाबा," ती म्हणाली.

दीड वर्ष दर रविवारी फोनवर तिने मला हेच दोन शब्द सांगितले होते. आज ते खरे होते.